गळलेला केस आणि तुटलेला केस

चिरनेरला पावसाळ्यात न्हालेले केस दुपारपर्यंत वाळत नाहीत. उरण-पनवेलच्या गाडीची वेळ गाठायची म्हणून मग ओल्यातच फणी फिरते, ओल्यातच आंबाडा बसतो. केस तुटतात ते बहुतेक इथेच.

फणीतला केस नीट बघा. टोकाला पांढरट बारीक गाठ असेल तर तो मुळापासून गळलेला. दिवसाला पन्नास ते शंभर गळणे नेहमीचेच. गाठ नसलेला आखूड तुकडा मात्र तुटलेला असतो, आणि त्याचे कारण बहुधा आपल्याच हातात असते.

पाण्याने केसातले हायड्रोजन बंध सुटतात. केस जास्त ताणला जातो, कमी जोरावर तुटतो. म्हणून पंचाने सपासप झटकणे, खसाखसा पुसणे सोडाच. पंचा दाबून पाणी टिपा, रुंद दातांच्या फणीने टोकाकडून वर गुंता सोडवा. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. कमरेपर्यंतच्या वेणीचे टोक पाच-सहा वर्षांचे असते, ते आधी जपायला हवे.

खोबरेल न्हाण्याआधी लावण्याची आजीची रीत खरीच उपयोगी आहे. मुंबईच्या मॅरिको कंपनीतील आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये दाखवले की सूर्यफूल आणि खनिज तेलांपेक्षा खोबरेलाने केसातील प्रथिनांची झीज कमी होते. कंपनी खोबरेल विकणारी, हे ध्यानात ठेवावे. पण कारण पटण्याजोगे आहे: खोबरेलाचे रेणू केसाच्या आत शिरतात.

रोज एकाच जागी घट्ट रबर बांधत असाल, तर आजपासून जागा बदला.