कणांचा झोत कपात कसा मोजतात?

जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागांमध्ये ठिबक सिंचन आपण पाहतो. एका तोटीतून तासाला किती पाणी पडते हे जाणून घ्यायचे, तर तिच्याखाली डबा ठेवायचा, घड्याळ लावायचे आणि जमलेले पाणी मोजायचे. कणत्वरकातील झोत मोजण्याची एक रीत अशीच आहे.

मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात ‘पेलेट्रॉन’ हा त्वरक आहे. ही संस्था आणि भाभा अणुसंशोधन केंद्र यांनी मिळून उभारलेला हा त्वरक १९८८ च्या अखेरीस सुरू झाला. त्याच्या मध्यभागी १ कोटी ४० लाख व्होल्टपर्यंत धन विद्युतदाब निर्माण करता येतो. ऋण आयन तिकडे ओढले जातात. तेथे एका अतिशय पातळ पत्र्यातून जाताना त्यांचे काही इलेक्ट्रॉन गळून पडतात. आता धन झालेले आयन त्याच दाबाने दूर लोटले जातात आणि त्यांचा वेग आणखी वाढतो.

हा झोत निर्वात नळीतून जातो. तो डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्याच्या वाटेत धातूचा खोल पेला सरकवतात. हा ‘फॅरेडे कप’. आयन त्यात अडकतात आणि त्यांचा प्रभार तारेतून विद्युतप्रवाहमापकाकडे जातो. समजा, प्रवाह १ नॅनोअँपिअर आहे. म्हणजे दर सेकंदाला इलेक्ट्रॉनच्या प्रभाराएवढे सुमारे ६२४ कोटी प्रभार कपात आले. पण कार्बनच्या प्रत्येक आयनावर असे ५ प्रभार असतील, तर आयन आले सुमारे १२५ कोटीच. हा भागाकार विसरला की उत्तर पाचपट चुकते.

आणखी एक अडचण आहे. डबा उथळ असेल तर पाणी उडून बाहेर सांडते आणि माप कमी भरते. वेगवान आयन धातूवर आदळले की तेथूनही इलेक्ट्रॉन उडतात. मात्र येथे परिणाम उलटा होतो! ऋण प्रभार निघून गेल्याने कप अधिक धन होतो आणि झोत आहे त्यापेक्षा मोठा भासतो. यावर उपाय म्हणून कप खोल करतात आणि त्याच्या तोंडाशी ऋण दाबाचे कडे बसवतात. ते इलेक्ट्रॉनना परत आत ढकलते.

एवढी काळजी का घ्यायची? अणुकेंद्रकीय अभिक्रिया घडण्याची शक्यता काढताना घडलेल्या अभिक्रियांच्या संख्येला आलेल्या आयनांच्या संख्येने भागतात. कपाने झोत शेकडा १० ने जास्त दाखवला, तर ही शक्यता शेकडा सुमारे ९ ने कमी निघते. प्रयोग निर्दोष असूनही निष्कर्ष चुकतो आणि आकड्याकडे नुसते पाहून ते कळत नाही.

वर्गात उथळ बशी आणि खोल पेला यांत उंचावरून पाण्याची धार सोडून जमलेले पाणी मोजावे. मग विचारावे : उडालेले थेंब पाण्याचे नसून ऋण प्रभाराचे असते, तर माप कोणत्या बाजूला चुकले असते?