काशीत नावेत बसण्यापूर्वी

काशीचा विषय निघाला की आपल्याकडे दर्शन, श्राद्ध आणि बनारसी साडी एवढ्यावर गप्पा आटोपतात. आज मी नुसत्या पाण्याबद्दल बोलणार आहे, कारण काशीला जाणारा जवळजवळ प्रत्येक जण नावेत बसतो आणि बसताना कुणीच काही विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

मे महिना होता. आम्ही सात जण: मी, काका-काकू, मामी, दोन चुलतभाऊ आणि भाची. दर्शन सकाळीच झालेलं. संध्याकाळी अस्सी घाटावरून वल्ह्याची नाव घेतली. इंजिनाची नको, असं मीच म्हटलं. त्या आवाजात गप्पा होत नाहीत. भाचीला धरणाच्या पाण्यावर पॅडलबोर्डवर उभं राहायची सवय. ती म्हणाली, "मामा, हे तर तळंच आहे!"

उन्हाळ्यात तसंच वाटतं. पण इथे धोक्याची पातळी 71.262 मीटर आहे आणि मे महिन्यात पाणी त्याच्या दहा मीटरहून अधिक खाली असतं. 1978 च्या पुरात ते 73.901 मीटरपर्यंत चढलं होतं. पावसाळ्यात घाटांच्या पायऱ्या बुडतात, नावा बंद होतात, आरती गच्चीवर करावी लागते. म्हणजे आपण पाहतो ते नदीचं फक्त एका ऋतूतलं रूप.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. काशीत गंगा उत्तरेकडे वाहते आणि वळण घेते. घाट पश्चिमेला, वळणाच्या बाहेरच्या बाजूला. समोर पूर्वेला वाळू. वळणावर पाणी बाहेरच्या काठाला घासतं आणि आतल्या काठाला गाळ टाकतं. म्हणून घाटाकडे खोल, वाळूकडे उथळ. मणिकर्णिकेच्या पुढचा शिंद्यांचा घाट एकोणिसाव्या शतकात बायजाबाईंनी बांधायला घेतला तो वजनानेच खचला आणि पुढे पुन्हा बांधावा लागला. तिथलं कललेलं रत्नेश्वराचं देऊळ सगळे फोटोत घेतात. काका तर त्यासाठी नावेत उभेच राहिले. उभा माणूस म्हणजे नावेचं वजन वर चढलं. त्यात बाकीचे सहाही जण बघायला त्याच अंगाला सरकले, तर नाव कलंडायला लाटेची गरज नसते. नाववाला ओरडला, काका रागावले, पण बसले.

तिथून मला समोरच्या वाळूवर जायचं होतं. उंट, घोडे असतात, मोकळं असतं. नाववाल्याने वल्हं थांबवलं, घाटांवरच्या वाड्यांच्या वर बघितलं आणि म्हणाला, "पार नहीं जाएंगे, आँधी आएगी." मला ढग दिसेना. आकाश जरासं मातकट, एवढंच. मी हुज्जत घातली, ठरलेल्या पैशांची आठवण दिली. आता सांगताना लाज वाटते.

त्याचं गणित असं होतं. उत्तरेकडे एप्रिल ते जूनमध्ये येणारी धुळीची वादळं बहुधा पश्चिमेकडून येतात. पश्चिमेलाच घाट आणि उंच वाडे, म्हणजे काठाजवळच्या नावेतून क्षितिज दिसतच नाही. कळतं तेव्हा वेळ कमी उरलेला असतो. पण तेच वाडे वारा अडवतात, म्हणून आसरा घाटाकडे. वाळूच्या बाजूला असलात तर अख्खं पात्र वाऱ्याच्या तोंडावर वल्हवत यावं लागतं. परतीला प्रवाहाविरुद्ध जातानाही नाववाले काठाला चिकटून जातात, कारण दगडांच्या आडोशाला ओढ कमी.

त्याने नाव भोसले घाटाला लावली. नागपूरकरांचा घाट, म्हणून काकूंना तेवढ्यातही बरं वाटलं. पंधराएक मिनिटांत धूळ आली. समोरचा काठ नाहीसा झाला. पाण्यावर पांढरे तुरे उठले. पलीकडे गेलेली माणसं तासभर वाळूवर तोंड झाकून बसून होती. त्यांना शहाणपणाने कुणी परत आणायला गेलं नाही.

भाची गप्प होती. मग म्हणाली, बोर्डवर असते तर उभ्या अंगाचंच शीड झालं असतं. खरं आहे. वारा उठला की बोर्डवर गुडघ्यावर बसायचं, फारच झाला तर पालथं पडून हातांनी काठ गाठायचा. आणखी एक, तिनेच सांगितलेलं: तळ्यात घोट्याला बांधतात तो पट्टा वाहत्या पाण्यात घोट्याला बांधू नये. तो दोरखंडात, खुंटात अडकला तर प्रवाह माणसाला खाली दाबतो आणि घोट्यापर्यंत हात पोचत नाही. नदीत तो कमरेला, एका ओढीत सुटणारा असावा. घाटांजवळ तर नांगरलेल्या नावांचे दोर जागोजागी.

जॅकेटचं सांगायचं राहिलं. उकाड्यात सगळे ते नुसतं खांद्यावर टाकतात. बकल न लावलेलं जॅकेट पाण्यात पडताच वर सरकून डोक्यावरून निघतं. घालून खांद्याशी धरून वर ओढून बघा. हनुवटीपर्यंत आलं तर सैल आहे. काकूंनी अस्सीला ते हातातही घेतलं नव्हतं. भोसले घाटावर, पक्क्या दगडावर उभ्या राहून, त्यांनी तिन्ही बकलं लावली.

गल्लीतून चौकात येऊन रिक्षात बसलो, तर मागून नाववाला धावत आला. जॅकेट काकूंच्या अंगावरच होतं.