आईला टोचलेली लस आणि बाळाचा धनुर्वात

परळ-लालबागच्या रहिवाशांना लशीची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. डॉ. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली ती याच मुंबईत, आणि १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात आली. त्या लशीचा हिशेब सरळ होता. ज्याला टोचावे त्याचा बचाव व्हावा. आज आम्ही जिच्याविषयी सांगणार आहोत ती लस टोचायची आईला, आणि तिच्याबरोबर वाचवायचे अजून जन्माला न आलेल्या जिवाला.

नवजात बाळाचा धनुर्वात मोठा फसवा. पहिले दोन दिवस मूल चांगले रडते, चांगले पिते. मग एकाएकी त्याला स्तन ओढता येईनासा होतो, जबडा आवळतो, आणि जरा स्पर्श झाला, आवाज झाला, की अंग ताठ होते. बहुतेकदा हे पहिल्या आठवड्याच्या सुमारास घडते. पाचवी पुजायची, सटवाईची रात्र जागवायची ती याच दिवसांत. आमच्या आज्यांना या दिवसांची धास्ती उगाच नव्हती, असे आम्हांस वाटते. कारण ठाऊक नव्हते, पण दिवस बरोबर हेरले होते.

कारण मातीत आहे. या रोगाचे जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात बीजरूपाने वर्षानुवर्षे टिकतात. नाळ विळ्याने वा जुन्या पात्याने कापली, तिच्यावर राख किंवा शेण लावले, की त्यांना वाट मिळते. जंतू नाळेपाशीच राहतात. त्यांचे विष मात्र मज्जातंतूंपर्यंत पोचते.

मग बाळालाच लस का टोचू नये? कारण लशीला आपले काम करायला काही आठवडे लागतात, आणि रोग तर सातव्या दिवशी दारात उभा असतो. आईच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्ये मात्र वारेतून गर्भाला पोचतात. मूल जन्मतःच ती घेऊन येते. १९६१ साली न्यू गिनीतील डॉ. स्कोफील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांचे काम प्रसिद्ध झाले, त्यात हे स्पष्ट दिसले. आणि एकाच टोचणीवर भागत नाही, हेही दिसले.

१९८८ साली जगात सुमारे ७,८७,००० नवजात बालके या रोगाने दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता. २०१५ साली भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे मान्य झाले. परंतु उच्चाटन या शब्दाचा अर्थ नीट पाहावा. प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे वर्षाला एकाहून कमी रुग्ण, एवढाच तो अर्थ आहे. देवी माणसाकडून माणसाला होत असे. ती १९८० साली गेल्याचे जाहीर झाले आणि तिची टोचणीही गेली. धनुर्वात मातीतून येतो. शेजारणीने लस घेतली म्हणून आपले मूल सुरक्षित होत नाही, आणि माती तर कोणी टोचू शकत नाही!

"बाळंतपण इस्पितळात होणार, मग सुई कशाला?" हा प्रश्न शहरात हमखास निघतो. इस्पितळात नाळ स्वच्छ कापली जाते हे खरे. पण तिचा उरलेला तुकडा गळून पडतो तो घरी, आणि तोवर त्याला काय लावले जाते ते डॉक्टरांना दिसत नाही. शिवाय प्रसूती कधी वाटेतही होते. ही सुई गर्भाला बाधते ही भीतीही निराधार आहे; तिच्यात जिवंत जंतू नसतात.

२०१९ पासून आपल्याकडे या लशीबरोबर घटसर्पाचीही लस एकत्र मिळू लागली. दिवस गेल्याचे कळताच पहिली मात्रा, चार आठवड्यांनी दुसरी. मागच्या गरोदरपणात दोन्ही झाल्या असून तीन वर्षे उलटली नसतील, तर एकच पुरते. (डांग्या खोकल्यासाठीही गरोदर स्त्रियांना लस देणे ब्रिटनने २०१२ साली सुरू केले, तत्त्व तेच.)

अडचण येते ती आमच्या गिरणगावच्या जुन्या रीतीत. पहिली सुई परळला होते, आणि सातव्या महिन्यात मुलगी बाळंतपणाला माहेरी कोकणात जाते. तिथल्या नर्सबाईंना इथली नोंद कशी कळावी? म्हणून गाडीत बसवताना लाडू-चिवड्याच्या डब्याबरोबर ते लसीकरणाचे कार्डही पिशवीत घालावे, आणि दुसरी तारीख कोणती ते सासूबाईंनी विहीणबाईंना फोनवर सांगून ठेवावे.