तीन पडदे, एक मान

गेल्या पावसाळ्यात एक जुने परिचित आपल्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले. मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला. मान धरते, संध्याकाळी डोके दुखते, डोळे चुरचुरतात, अशी तक्रार. "चष्मा लागला असेल, डॉक्टर," वडील म्हणाले. डोळे तपासून घेतले, नंबर निघाला नाही. मी थेंब दिले, मानेला शेक सांगितला. तीन आठवड्यांनी दोघे परत हजर! दुखणे जसेच्या तसे. तेव्हा कुठे मी विचारले, "बाबा रे, तू संगणकासमोर बसतोस कसा?" हे पहिल्याच दिवशी विचारायला हवे होते. चूक माझीच.

त्याने मोबाइलवर टेबलाचा फोटो दाखवला. डावीकडे नवा २४ इंची रुंद मॉनिटर, उजवीकडे वडिलांचा जुना १९ इंची चौकोनी, आणि वर कपाटावर टीव्ही. खुर्ची मात्र दोन मॉनिटरांमधल्या फटीसमोर! गेम डावीकडे, मित्रांशी गप्पा उजवीकडे, क्रिकेट वर. रोज चार तास.

आपले डोके साधारण साडेचार-पाच किलो वजनाचे असते. ते सरळ मानेवर तोललेले असले की स्नायूंना फारसे काम पडत नाही. पण तासन् तास एकाच बाजूला वळवून धरले, की तेच ते स्नायू ताणलेले राहतात आणि अखेर आखडतात. कपाटावरच्या पडद्यासाठी हनुवटी वर जाते, मान मागे मोडते. शिवाय वर पाहताना डोळे जास्त उघडे राहतात, अश्रू लवकर सुकतात. एरवी आपण मिनिटाला १५ ते २० वेळा पापण्या मिटतो. खेळात रंगलो की हे प्रमाण निम्म्याच्याही खाली येते. त्यात एक पडदा लख्ख, दुसरा पिवळट. दर नजरेला डोळ्यांना नव्याने जुळवून घ्यावे लागते.

"दोन्ही जुने भंगारात देतो," वडील तडकाफडकी म्हणाले. मी म्हटले, थांबा. विजोड बैलांचीही गाडी चालते, जू नीट बसवले पाहिजे.

ज्यावर खेळायचे तो मॉनिटर बरोबर नाकासमोर, हातभर अंतरावर ठेवावा. त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी. (दुहेरी भिंगाचा चष्मा असणाऱ्यांनी आणखी खाली घ्यावा.) दुसरा त्याला चिकटून, उघड्या पुस्तकाच्या पानासारखा आत वळवून, तेवढ्याच अंतरावर. गंमत अशी, की १९ इंची चौकोनी आणि २४ इंची रुंद या दोहोंच्या पडद्याची उंची जवळजवळ सारखीच, सुमारे ३० सेंटिमीटर भरते. या मुलाने जुन्याखाली घरातला पाट सरकवला आणि कडा जुळल्या! मग संगणकाच्या सेटिंगमध्येही दोन्ही पडद्यांची चित्रे सरकवून तशीच जुळवावीत, म्हणजे माऊसचा बाण मध्येच अडखळत नाही. अक्षरे बारीक वाटली तर ती मोठी करावीत, मान पुढे काढू नये. एकच गेम दोन्ही पडद्यांवर पसरण्याचा मोह टाळावा. ऐन नेम धरायच्या जागी मधली पट्टी येते.

उजेडासाठी पडद्याशेजारी कोरा पांढरा कागद धरून पाहा. पडदा कागदापुढे दिव्यासारखा भासला तर उजेड जास्त आहे. नव्याचा कमी करून जुन्याशी मिळवावा. दर २० मिनिटांनी २० सेकंद, २० फुटांपलीकडे पाहावे. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्याबद्दल पुष्कळ जण विचारतात. त्याने डोळ्यांचा शीण कमी होत असल्याचे २०२३ च्या कॉक्रन आढाव्यात दिसून आले नाही. ते पैसे चांगल्या खुर्चीला लावा.

मात्र मानेतून कळ हातात उतरत असेल, मुंग्या येत असतील, वस्तू हातातून निसटत असेल, तर टेबल सरकवत बसू नका, डॉक्टरांना गाठा.

महिन्याभराने मुलगा येऊन गेला. मान मोकळी आहे, डोके क्वचित दुखते. टीव्ही मात्र अजून कपाटावरच आहे. सामना असला की खुर्ची मागे ओढून बघतो म्हणे.