गिऱ्हाईक विचारतं ते आधी लिहा

'चौकशी' या शब्दाला मराठीत दोन चेहरे आहेत. एक खाकी. चौकशी लागली म्हटलं की माणूस घाम पुसायला लागतो. दुसरा चेहरा दुकानाच्या उंबऱ्यावरचा. 'काही नाही, नुसती चौकशी करायला आलोय,' असं म्हणत कुणी आत डोकावतं आणि जाणता दुकानदार त्याला बसायला स्टूल सरकवतो. आज बोलायचंय ते या दुसऱ्या चौकशीबद्दल. उंबरा मात्र नव्या तऱ्हेचा आहे, वेबसाइटचा. वेबसाइटला मराठीत संकेतस्थळ म्हणतात. आमच्या कवितेत संकेतस्थळ म्हणजे दोघांनी गुपचूप भेटायची ठरलेली जागा! शब्द अगदीच चुकलेला नाही. गिऱ्हाईक ठरल्या जागी येऊन उभं राहतं आणि दुकानदाराचा पत्ताच नसतो, असं तिथं रोज घडतं.

कवीनं धंद्यावर का बोलावं, असं तुम्ही म्हणाल. धंद्याचं गणित मला येत नाही. पण मराठी घेऊन बीए केलेला माणूस गल्लीत असला की लग्नपत्रिकेपासून दुकानाच्या पाटीपर्यंत सगळा मजकूर त्याच्याकडे येतो. हल्ली वेबसाइटचाही येतो. त्यातलं एकच उदाहरण सांगतो, मिरजेतल्या तंबोरे करणाऱ्या एका छोट्या कारखान्याचं.

मिरज म्हटलं की गाणारी माणसं कान पकडतात. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ तिथं राहिले, आणि १९३७ साली ते गेल्यावर त्यांना तिथंच मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन केलं. तंतुवाद्यांचा धंदा त्याही आधीचा, एकोणिसाव्या शतकातला. हत्यारांना धार लावणारी, चिलखतं घडवणारी शिकलगार घराणी राजेशाहीचे दिवस सरल्यावर सतार-तंबोऱ्याकडे वळली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. उत्तम झालं. पण मानांकन गावाला मिळतं, फोन मात्र कुणाला तरी एकाला करावा लागतो. दूर देशी बसलेला विद्यार्थी 'मिरजेचा तंबोरा' म्हणून शोधतो, तेव्हा त्याला मोठ्या शहरातला विक्रेता आधी सापडतो आणि भोपळ्यावर हात फिरवणारा कारागीर शेवटी, किंवा सापडतच नाही. शिवाय तंबोऱ्याचा नाद आता मोबाइलमध्ये फुकट वाजतो. म्हणजे जे थोडे लोक खरा तंबोरा घ्यायला निघालेत, ते वाटेत हरवणं या कारागिरांना परवडणारं नाही.

या कारखान्याची वेबसाइट होती. उघडली की आधी इंग्रजीत स्वागत, मग 'अग्रगण्य उत्पादक', 'सर्वोत्तम दर्जा', 'ग्राहकांचं समाधान हेच आमचं ध्येय'. तीच वाक्यं मी पंपांच्या, फरसाणाच्या आणि शिकवणीवर्गाच्या वेबसाइटवर वाचलेली आहेत. जे वाक्य फरसाणालाही चालतं, ते तंबोऱ्याच्या काय कामाचं? फोन नंबर होता, पण व्हिजिटिंग कार्डाच्या फोटोत. फोटोवर बोट दाबून फोन लागत नाही. मराठी मजकूर डीटीपीवाल्याकडच्या जुन्या फाँटमधून तसाच उचललेला, त्यामुळे मोबाइलवर अक्षरांच्या जागी नुसत्या किड्या-मुंग्या. तो सगळा युनिकोडमध्ये नव्यानं टाईप करावा लागला. चौकशा येत नाहीत म्हणून मालक जाहिरातीवर पैसे घालायच्या विचारात होते. मी म्हटलं, आधी एक शंभर पानी वही आणा. महिनाभर फोनवर आणि दुकानात माणसं जे विचारतील ते, त्यांच्याच शब्दांत, वहीत लिहून ठेवा.

वही वाचण्यासारखी निघाली. 'माझी पट्टी काळी चार आहे, कोणता तंबोरा घेऊ?' 'मुलगी आत्ताच शिकायला लागलीय, मोठा घ्यावा का लहान?' 'भोपळा प्रवासात फुटला तर?' 'आजोबांचा तंबोरा आहे, जवारी गेलीय, करून मिळेल का?' 'ऑर्डर दिल्यावर किती दिवसांनी?' यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर वेबसाइटवर नव्हतं. 'दुरुस्ती' हा शब्दच नव्हता! कारखान्यात निम्मे तंबोरे जवारी काढून घ्यायला आणि खुंट्या बदलायला आलेले, आणि वेबसाइट वाचून वाटावं की इथं फक्त नवी वाद्यं विकतात. ज्याच्या घरी आजोबांचा तंबोरा पडून आहे तो 'तंबोरा दुरुस्ती' असंच शोधणार. पानावर ते शब्द नसतील तर शोधयंत्रानं तरी त्याला तुमच्याकडे का पाठवावं?

मग आम्ही ती वहीच वेबसाइटवर उतरवली. मर्दानी तंबोरा कोणता, जनानी कोणता, कोणत्या पट्टीला काय शोभतं, हे चार ओळींत. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, ते वाळायला वेळ लागतो, म्हणून घाई करणाऱ्यानं तयार असलेल्यातला निवडावा, हेही लिहिलं. दुरुस्तीला वेगळं पान दिलं. त्यावर घोडीचा जवळून काढलेला फोटो, आणि तार घोडीवर बसून तिचा नाद चपटा झाला की जवारी पुन्हा काढावी लागते, एवढीच साधी माहिती. मालक सांगत गेले, मी लिहीत गेलो. त्यांच्या बोलण्याला माझ्या भाषेची गरजच नव्हती, माझं काम फक्त 'अग्रगण्य' पुसण्याचं. इंग्रजी पानही ठेवलं, कारण परदेशातलं गिऱ्हाईक तिथूनच येणार. पण तिथंही 'तंबोरा', 'जवारी', 'घोडी' हे शब्द तसेच ठेवले. गाणं शिकणारा माणूस जगात कुठंही असो, हेच शब्द शिकतो.

किमतीवरून बरीच वादावादी झाली. मालकांचं म्हणणं, किंमत लिहिली तर शेजारचा दोनशे रुपये कमी लिहील. ही भीती खोटी नाही. पण किंमत अजिबात न लिहिणं म्हणजे खिसा हलका असलेल्या माणसाला दारातच लाजवणं. तो विचारत नाही, निघून जातो. आणि ज्याला परवडणारच नाही तो फोन करून दोघांचाही वेळ घालवतो. शेवटी 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असा पल्ला दिला, आणि नक्षीकाम, आकार, पेटी यांनी किंमत कशी वाढते ते सांगितलं. माझ्या मते छोट्या धंद्याला हेच बरं. अंदाज पानावर मिळतो आणि नक्की आकड्यासाठी बोलायला जागा उरते.

यंत्राची बाजू माझ्या भाच्यानं सांभाळली. त्यातलं मला कळलं तेवढं सांगतो. फोटो मोबाइलमधून काढले तसेच चढवले होते, एकेक कित्येक एमबीचा. ते लहान केल्यावर पान खेड्यातल्या नेटवरही चटकन उघडायला लागलं. नंबर असा टाकला की बोट लावताच फोन लागतो, शेजारी व्हॉट्सअॅपचं बटण. चौकशीचा फॉर्म होता त्यात अकरा रकाने होते, पिनकोडसुद्धा! तीन ठेवले: नाव, नंबर, काय हवंय. प्रत्येक पानाच्या मथळ्यात 'होम' होतं, तिथं 'मिरज तंबोरा: निर्मिती आणि दुरुस्ती' आलं. पत्त्याआधी एचटीटीपीएस नसेल तर क्रोम २०१८ पासून 'सुरक्षित नाही' असा शिक्का मारतं. तो शिक्का पाहिलेलं गिऱ्हाईक नंबर कशाला देईल? तेही करून घेतलं. गूगलच्या नकाशावरची दुकानाची नोंद स्वतःच्या ताब्यात घेतली, वेळा आणि शुक्रवारची सुट्टी लिहिली. ही नोंद फुकट असते, ती जरूर करावी. मात्र सगळा संसार दुसऱ्याच्या घरात मांडू नये. या नोंदीबरोबर गूगल छोट्या दुकानदारांना एक फुकट वेबसाइटही देत असे. ती सोय २०२४ च्या मार्चमध्ये बंद झाली आणि तेवढ्यावरच विसंबलेल्यांची पानं गेली. आपल्या नावाचा डोमेन आपल्याच नावावर, नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर लाल शाईनं. बनवून देणाऱ्याच्या नावावर डोमेन ठेवणं म्हणजे दुकानाची किल्ली सुताराकडे ठेवणं.

एवढं करून फोन उचललाच नाही तर? रंधा मारताना, पॉलिशचे हात असताना फोन उचलता येत नाही, हे खरंच आहे. म्हणून पानावरच लिहिलं: 'दुपारी दोन ते चार फोनवर भेटू. व्हॉट्सअॅपचं उत्तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत.' अमेरिकेतला माणूस आपल्या मध्यरात्री विचारतो, त्यालाही हे वाचून धीर येतो. पाळता येईल तेवढंच वचन द्यायचं. मालकांच्या सूनबाईंनी हे काम अंगावर घेतलं. उत्तर देताना त्या तयार तंबोऱ्याची तार छेडून अर्ध्या मिनिटाचा आवाज पाठवतात. ही युक्ती त्यांची स्वतःची, आणि आमच्या सगळ्या मजकुरापेक्षा सरस.

चौकशांचा पूर आला असं मी म्हणणार नाही. काही आठवडे सुनेच जातात. पण चौकशीची जात बदलली. पूर्वी 'रेट काय?' एवढंच विचारून फोन ठेवला जायचा. आता 'काळी दोनसाठी जनानी चालेल का, तुमच्या पानावर वाचलं' असा फोन येतो, आणि तो लांबतो. वही अजून चालू आहे. तिच्यात 'आमच्याबद्दल कुठून कळलं?' असा एक रकाना वाढवलाय. जाहिरातीवर खर्च करायचा की नाही, हे आता त्या रकान्यावरून ठरेल.

परवा वहीत एक नवा प्रश्न दिसला, तोही तिघांनी विचारलेला: 'हे काम शिकायला तुमच्याकडे येता येईल का?' मालकांचा मुलगा पुण्यात नोकरीला असतो. या प्रश्नाचं उत्तर पानावर काय लिहायचं, यावर त्यांच्या घरात सध्या बोलणी चालू आहेत.