इंग्रजीचा सबक, हिफ्जच्या पद्धतीने

भुसावळजवळच्या दीपनगरमधील एखादे घर डोळ्यांसमोर आणा. अब्बू वीज केंद्रात रात्रपाळीला गेले आहेत. बारावीतील मुलगी इंग्रजीच्या अवघड शब्दांची यादी घेऊन बसली आहे. रोज पन्नास शब्द पाठ करायचे, असा तिचा निश्चय आहे. मात्र चार दिवसांनी पहिल्या दिवसाचे पाचही शब्द आठवत नाहीत. मग ती म्हणते, "अम्मी, इंग्रजी माझ्या नशिबातच नाही." अम्मीही गप्प राहते, कारण तिला स्वतःला इंग्रजी येत नाही.

असे घर दीपनगरातच असते असे नाही. मराठी किंवा उर्दू माध्यमातील अनेक हुशार मुले-मुली येथेच थांबतात. केंद्रीय विद्यापीठांसाठीची सीयूईटी परीक्षा 2022 पासून घेतली जाते. तिच्यातील विषयांचे पेपर मराठी आणि उर्दूतूनही देता येतात, परंतु इंग्रजीचा पेपर इंग्रजीतच असतो. त्यात समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्द विचारले जातात. बरोबर उत्तराला 5 गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराचा 1 गुण वजा होतो. म्हणजे अंदाजाने खूण करणे महागात पडू शकते. आपल्या राज्यात बीबीए आणि बीसीएसाठी 2024 पासून सीईटी सुरू झाली. तिच्यातही 100 पैकी 40 प्रश्न इंग्रजीचे ठेवले गेले. थोडक्यात, शब्दसंग्रह कच्चा राहिला तर हवा तो प्रवेश हातचा जाऊ शकतो.

यावरचा उपाय मात्र आपल्या घरातच आहे. हिफ्ज करणाऱ्या मुलाचा दिवस आठवा. तो रोज थोडा नवा सबक घेतो, गेल्या काही दिवसांचा सबक-पारा ऐकवतो आणि जुना आमोख्ता पाळीपाळीने फिरवतो. नवे थोडे आणि उजळणी जास्त, हे त्याचे सूत्र. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी कुरआन पाठ असणाऱ्याची तुलना बांधलेल्या उंटांच्या मालकाशी केली आहे. लक्ष ठेवले तर उंट राहतात, सोडून दिले तर निघून जातात. जर्मनीच्या हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर प्रयोग करून 1885 मध्ये हेच मांडले की, पाठ केलेले बरेचसे पहिल्या काही तासांतच विसरते आणि ठरावीक अंतराने केलेल्या उजळणीने ते टिकते. कुरआनचा दर्जा अर्थातच वेगळा. येथे आपण फक्त पद्धत घेत आहोत.

म्हणून रोज पन्नास नव्हे, दहाच शब्द घ्यावेत. त्याआधी गेल्या सात दिवसांचे शब्द म्हणावेत आणि शेवटी जुन्या वहीचे एक पान. तीन महिन्यांत नऊशे शब्द होतात, आणि तेही लक्षात राहिलेले.

दुसरी मदत आपल्या बोलीतच आहे. इल्म, आलिम, तालीम, मुअल्लिम, मालूम हे शब्द एकाच धातूचे आहेत, हे मदरशात शिकलेल्या मुलाला सांगावे लागत नाही. इंग्रजीतही अशी कुटुंबे आहेत. 'लोक्व' म्हणजे बोलणे. त्यावरून लोक्वेशस म्हणजे बडबड्या, एलोक्वंट म्हणजे प्रभावी बोलणारा, सोलिलोक्वी म्हणजे स्वगत. 'मॅल' म्हणजे वाईट. त्यावरून मॅलन्यूट्रिशन म्हणजे कुपोषण, मॅलेव्हलंट म्हणजे दुसऱ्याचे वाईट चिंतणारा. एक मूळ कळले की चार शब्द सोबत येतात.

काही शब्द तर आपल्याकडूनच तिकडे गेले. अल्जिब्रा हा शब्द नवव्या शतकातील अल-ख्वारिज्मी यांच्या ग्रंथाच्या नावातील 'अल-जब्र'वरून आला, आणि अल्गोरिदम त्यांच्याच नावावरून. विजेच्या दराला आपण टॅरिफ म्हणतो; तो अरबी 'तारीफ'वरून, म्हणजे माहिती देणे. मारूफ आणि तआरुफ हे त्याचेच भाऊबंद. ज्या भाषेने आपल्याकडून इतके घेतले, तिला एवढे घाबरायचे कशाला?

आता अम्मीचे काम. वहीच्या एका बाजूला मराठी किंवा उर्दू अर्थ आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी शब्दाचा उच्चार देवनागरीत लिहावा. मुलीने इंग्रजी स्पेलिंगही शेजारी लिहावे, कारण परीक्षेत शब्द वाचायचा असतो. भाकरी थापताना अम्मीने विचारावे, "काटकसरी?" मुलीने सांगावे, "फ्रूगल." "अबोल?" "टॅसिटर्न." मग मुलीने त्या शब्दाचे घरातल्याच माणसावर एक वाक्य करावे, रात्रपाळीहून आल्यावर कुणाशी न बोलणारे अब्बू टॅसिटर्न, हे ती परीक्षेतही विसरणार नाही. सबक ऐकून घेण्यासाठी अम्मीला इंग्रजी यायलाच हवे असे नाही. रोज न चुकता वेळ देणे पुरेसे आहे.

आज इशाच्या नमाजनंतर वही उघडा आणि दहा शब्दांनी बिस्मिल्लाह करा.