तक्त्यातील स्तंभमूल्यांचे शुद्धीकरण : महाराष्ट्रातील जिल्हानामांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

महाविद्यालयीन संशोधनात तक्ता हा आता बहुतेक सर्व विद्याशाखांचा समान आधार झाला आहे. अर्थशास्त्राचा अभ्यासक जनगणनेचे आकडे घेतो, भूगोलाचा पर्जन्यमानाचे, समाजशास्त्राचा सर्वेक्षणातील उत्तरांचे. ही आधारसामग्री वेगवेगळ्या हातांनी व वेगवेगळ्या वर्षी भरलेली असल्यामुळे विश्लेषणापूर्वी स्तंभांतील मूल्ये एकसारखी करून घ्यावी लागतात. हे काम सर्वसाधारणपणे कारकुनी स्वरूपाचे मानले जाते व बहुधा विद्यार्थ्याकडे किंवा टंकलेखकाकडे सोपविले जाते. वस्तुतः वेगळी दिसणारी दोन मूल्ये एकच आहेत, किंवा सारखी दिसणारी दोन मूल्ये भिन्न आहेत, असे ठरविणे हा विषयज्ञानावर आधारलेला निर्णय असतो. तो चुकल्यास पुढील सर्व गणित बिनचूक असूनही निष्कर्ष चुकतो. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील जिल्ह्यांच्या नावांचा स्तंभ उदाहरणादाखल घेऊन पायथन या संगणकीय भाषेच्या साहाय्याने हे काम कसे करता येते व ते कोठे फसते, याचा विचार केला आहे. पायथनमध्ये अशा कामासाठी पांडाज हा तयार आज्ञांचा संच वापरला जातो. वेस मॅकिनी यांनी २००८ मध्ये त्याची निर्मिती सुरू केली; तो विनामूल्य उपलब्ध आहे.

डोळ्यांना न दिसणारे फरक

'लातूर' हा शब्द आणि ज्याच्या शेवटी एक रिकामी जागा राहून गेली आहे असा 'लातूर' हे वाचकाला एकच वाटतात, संगणकाला नाही. जिल्हावार बेरीज करताना तो लातूरचे दोन जिल्हे करतो आणि कोणतीही सूचना न देता दोन बेरजा हाती देतो. स्ट्रिप या आज्ञेने शब्दाच्या आरंभीच्या व शेवटच्या रिकाम्या जागा निघून जातात. येथपर्यंत काम सोपे आहे.

देवनागरीची अडचण याहून खोल आहे. सातारा जिल्ह्यातील कऱ्हाड तालुक्याचे नाव पाहावे. त्यातील 'ऱ' हे युनिकोडमध्ये एक स्वतंत्र अक्षरचिन्ह आहे. परंतु तेच 'र' व त्याखालील नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिता येते. पायथनमधील युनिकोड सामान्यीकरणाची आज्ञा या दोन्ही रूपांना एकत्र आणते. मात्र काही कळफलकांवर हाच अर्धा र साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडक यांच्या साहाय्याने उमटतो. कागदावर फरक शून्य, पण सामान्यीकरणानंतरही संगणकाच्या लेखी शब्द वेगळाच राहतो. हा जोडक रिकाम्या जागेत गणला जात नसल्याने स्ट्रिपलाही तो दिसत नाही. तो सरसकट पुसून टाकावा, तर 'ह'वर रफार चढून 'कर्हाड' असे अशुद्ध रूप तयार होते. म्हणून जोडक नुसता न पुसता त्या तीन चिन्हांच्या जागी 'ऱ' व हलन्त बसविणे हा योग्य उपाय ठरतो. मराठी लिहिता-वाचता येणाऱ्या व्यक्तीनेच हे काम का करावे, याचे उत्तर यात आहे.

पूर्ण मूल्य आणि मूल्याचा अंश

समजा, स्तंभात काही ठिकाणी नुसते 'मुंबई' असे आले आहे आणि अभ्यासकाला त्या जागी 'मुंबई शहर' हवे आहे. शब्दातील अंश बदलणारी आज्ञा वापरल्यास 'मुंबई उपनगर' या मूल्याचे 'मुंबई शहर उपनगर' होते. पांडाजमधील रिप्लेस ही आज्ञा थेट स्तंभाला लावल्यास ती पूर्ण मूल्य जुळले तरच बदल करते. तीच शब्दरूपांसाठीच्या विभागातून लावल्यास अंश बदलते. नाव एकच असल्याने नवशिक्याची येथे हमखास फसगत होते. तिसरा मार्ग मॅप या आज्ञेचा. तीत जुन्या व नव्या नावांची सूची द्यावी लागते आणि सूचीत नसलेल्या मूल्याच्या जागी रिकामी नोंद येते. हा तिचा दोष समजला जातो. संशोधनाच्या दृष्टीने तो गुणच होय, कारण रिकाम्या नोंदी मोजता येतात, तर न बदललेली चुकीची नावे गर्दीत लपून राहतात.

अर्थात आज्ञा कोणतीही असो, 'मुंबई' म्हणजे शहर की उपनगर, हे ती सांगू शकत नाही. १९९० पूर्वी हे दोन जिल्हे एकच होते. जुन्या तक्त्यातील 'मुंबई'ला शहर ठरविणे ही शुद्धी नसून भर आहे.

नाव बदलणे आणि प्रदेश बदलणे

जिल्हानामांतील बदल दोन प्रकारचे आहेत. पहिल्यात प्रदेश तोच राहून नाव बदलते. १९८१ मध्ये कुलाब्याचे रायगड झाले. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर व उस्मानाबादचे धाराशिव झाले. २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. येथे जुन्या-नव्या नावांची सूची पुरेशी आहे. तरीही सावधगिरी हवीच. संपूर्ण भारताच्या तक्त्यात औरंगाबाद हा बिहारमधीलही एक जिल्हा आहे. राज्याचा स्तंभ न पाहता नाव बदलल्यास बिहारमधील जिल्हा मराठवाड्यात येतो. अक्षरसाम्यावरून नावे जुळविणाऱ्या आज्ञांचा धोका असाच आहे : महाराष्ट्रातील रायगड, छत्तीसगडमधील रायगढ आणि ओडिशातील रायगडा त्यांना एकाच नावाची तीन लेखनरूपे वाटू शकतात.

दुसऱ्या प्रकारात नाव तेच राहते आणि प्रदेश बदलतो. यात अशुद्ध असे काही दिसतच नसल्याने हा प्रकार अधिक घातक आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. २००१ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८१,३१,८४९ होती. २०११ मध्ये ती १,१०,६०,१४८ झाली, म्हणजे वाढ सुमारे ३६ टक्के. देशातील सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा तेव्हा तोच होता. विभाजनानंतर २०११ चेच आकडे नव्या सीमांनुसार मांडले की ठाण्याकडे ८०,७०,०३२ व पालघरकडे २९,९०,११६ राहतात. आता २००१ चा जुना तक्ता व २०११ चा नव्या सीमांचा तक्ता 'ठाणे' या नावावर जोडला, तर दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ६२ हजारांनी घटली असे उत्तर मिळते. दोन्ही तक्त्यांत 'ठाणे' हा शब्द निर्दोष लिहिलेला आहे. कोणतीही आज्ञा येथे चूक दाखवीत नाही.

प्रश्न केवळ लोकसंख्येचा नाही. वेगळ्या झालेल्या भागात जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरी, डहाणू यांसारखे आदिवासीबहुल तालुके आहेत. अविभाजित जिल्ह्याची आरोग्यविषयक सरासरी आणि नंतरच्या ठाण्याची सरासरी शेजारी ठेवल्यास जी सुधारणा दिसेल, तिच्यातील काही भाग निव्वळ हे तालुके हिशोबातून बाहेर गेल्यामुळे आलेला असेल. अशा तुलनेवर आधारलेला निष्कर्ष धोरणाच्या चर्चेत गेला, तर नुकसान कोणाचे होईल हे उघड आहे.

यावर दोन उपाय संभवतात. तालुकानिहाय आकडे उपलब्ध असल्यास जुन्या जिल्ह्याच्या पंधरा तालुक्यांपैकी पालघरकडे गेलेले आठ वेगळे काढून बेरजा नव्याने कराव्यात. ते नसल्यास नंतरच्या वर्षांसाठी ठाणे व पालघर यांची बेरीज करून जुना जिल्हा पुन्हा उभा करावा. दुसऱ्या मार्गाने तपशील हरवतो, पण तुलना खरी राहते. रत्नागिरी-सिंधुदुर्ग व औरंगाबाद-जालना (१९८१), उस्मानाबाद-लातूर व चंद्रपूर-गडचिरोली (१९८२), धुळे-नंदुरबार व अकोला-वाशीम (१९९८), परभणी-हिंगोली व भंडारा-गोंदिया (१९९९) या विभाजनांनाही हेच लागू होते.

संख्यांचे स्तंभ

संख्यांबाबत थोडक्यात सांगता येईल. '१,१०,६०,१४८' यातील स्वल्पविरामांमुळे पूर्ण स्तंभ मजकूर म्हणून वाचला जातो. ते काढून मगच संख्येत रूपांतर करावे. याउलट सांकेतिक क्रमांक हे संख्या नव्हेत. २०११ च्या जनगणनेत कुपवाडा जिल्ह्याचा क्रमांक ००१ होता. तो संख्या म्हणून वाचल्यास आरंभीची शून्ये जातात व दुसऱ्या तक्त्याशी जुळणी होत नाही. रिकाम्या जागी शून्य भरण्याची सवय तर सर्वथा टाळावी. माहिती मिळाली नाही आणि संख्या शून्य आहे, ही दोन वेगळी विधाने आहेत.

मूळ स्तंभ आणि बदलांची नोंद

एक्सेलमध्ये हाताने केलेल्या दुरुस्तीचा माग सहसा राहत नाही. काही बदल तर वापरकर्त्याच्या नकळत होतात. जनुकांची संक्षिप्त नावे एक्सेल तारखा समजून बदलत असे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, एक्सेलमधील जनुकसूची जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांशात ही चूक आढळली. २०२० पर्यंत अशा काही जनुकांची नावेच बदलावी लागली.

आज्ञावलीचा खरा लाभ वेगापेक्षा येथे आहे. मूळ स्तंभ न पुसता शुद्ध मूल्यांसाठी शेजारी नवा स्तंभ करावा. बदलापूर्वी व बदलानंतर व्हॅल्यू काउंट्स या आज्ञेने प्रत्येक मूल्य किती वेळा आले ते पाहावे, ओळींची एकूण संख्या तीच आहे याची खात्री करावी आणि सूचीत न बसलेली मूल्ये वेगळी काढून स्वतः वाचावीत. जुन्या-नव्या नावांची सूची आज्ञावलीत दडवून न ठेवता स्वतंत्र तक्ता म्हणून ठेवावी. तीत जुने नाव, राज्य, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, नवे नाव आणि निर्णयाचे कारण असे स्तंभ असावेत व ती प्रबंधाच्या परिशिष्टात द्यावी. अशा सूचीत धाराशिवची नोंद एका ओळीत आटोपते. ठाण्यासाठी मात्र किमान दोन ओळी लागतात, आणि परीक्षकाने प्रथम त्याच पाहाव्यात.